श्रवणकक्षाच्या छतावरील ध्वनिविसारक

ध्वनिविसारक म्हणजे स्वतःवर पडणारा ध्वनी एकाच ठरावीक दिशेने परत न पाठवता अनेक दिशांना विखुरणारा पृष्ठभाग होय. बाजारात व ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात यालाच डिफ्यूझर असे म्हणतात. सपाट छत आरशाप्रमाणे ध्वनी परावर्तित करते. ध्वनिशोषक पदार्थ त्यातील ऊर्जा उष्णतेच्या रूपात नष्ट करतो. विसारक मात्र ऊर्जा बव्हंशी राखून तिचे दिशा व काळ यांत वाटप करतो. संगीत ऐकण्यासाठी राखलेल्या खोलीत छतावर विसारक बसवावा की नाही, बसवावा तर कोणता, हे प्रामुख्याने छताच्या उंचीवर, स्पीकर व श्रोता यांच्यातील अंतरावर आणि विसारकाच्या खोलीवर अवलंबून असते. मोठ्या सभागृहांसाठी तयार झालेली रचना लहान खोलीत जशीच्या तशी आणल्यास तिचा उपयोग कमी व अडचण अधिक होऊ शकते.

छतावरील परावर्तनाचा प्रश्न

श्रवणकक्षात बसलेल्या श्रोत्याच्या कानी प्रथम स्पीकरमधून थेट ध्वनी येतो. त्यानंतर अल्पावधीत जमीन, बाजूच्या भिंती व छत यांवरून परावर्तित झालेले ध्वनी येतात. खोलीत टेबल, खुर्च्या, गालिचे, पुस्तकांची कपाटे व पडदे यांमुळे जमीन आणि भिंती थोड्याफार तुटक होतात. छत मात्र बहुधा पूर्ण सपाट, कठीण आणि मोकळे राहते. त्यामुळे छतावरून येणारे परावर्तन हे सर्वांत ठळक परावर्तनांपैकी एक असते.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार वस्तीयोग्य खोलीची किमान उंची २.७५ मीटर असावी लागते, आणि शहरांतील सदनिकांची छते बहुधा याच उंचीच्या आसपास असतात. अशा खोलीत स्पीकर व श्रोत्याचे कान जमिनीपासून १.१ मीटर उंचीवर असून त्यांच्यात २.५ मीटर अंतर आहे असे समजू. छतावरून परावर्तित होणाऱ्या ध्वनीला सुमारे ४.१४ मीटर प्रवास करावा लागतो, म्हणजे थेट ध्वनीपेक्षा सुमारे १.६४ मीटर अधिक. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरल्यास हा ध्वनी जवळपास ४.८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. अंतर वाढल्यामुळे त्याची पातळी केवळ ४.४ डेसिबलने घटते. स्पीकर वरच्या दिशेने उच्च स्वर कमी फेकत असल्यास त्या पट्ट्यात ही घट काहीशी वाढते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१११६ या शिफारशीनुसार, काटेकोर श्रवणचाचणीच्या खोलीत पहिल्या १५ मिलिसेकंदांत पोहोचणारी परावर्तने १ ते ८ किलोहर्ट्झ या पट्ट्यात थेट ध्वनीपेक्षा किमान १० डेसिबलने क्षीण असावीत. वरील उदाहरणातील छत ही अट पूर्ण करीत नाही. थेट व विलंबित ध्वनी एकमेकांत मिसळल्याने काही कंप्रता (वारंवारिता) बळावतात व काही क्षीण होतात. कंप्रतेच्या आलेखावर हे चढउतार कंगव्याच्या दातांसारखे दिसतात. वाद्याचा मूळ पोत बदलणे, गायकाचा आवाज अस्पष्ट होणे अशा तक्रारींमागे हे एक कारण असू शकते. याशिवाय फरशीची मोकळी जमीन आणि सपाट छत यांच्यात ध्वनी पुन्हा पुन्हा वरखाली होऊन टाळीनंतर थरथरता प्रतिध्वनी ऐकू येतो.

इतिहास

ध्वनी विखुरणारी छते आधुनिक सिद्धांताच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात होती. व्हिएन्ना येथील म्यूझिकफेराइन (१८७०) आणि बोस्टन येथील सिंफनी हॉल (१९००) या सभागृहांच्या छतांवर खोलगट चौकटींचे नक्षीकाम आहे. ते सजावटीसाठी असले, तरी छताची सलगता मोडून ध्वनी विखुरण्याचे कामही ते करते. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांमध्ये लाकडी तुळया व त्यांवरील कडीपाट यांमुळे छत सलग राहत नाही. तुळयांची खोली व त्यांमधील अंतर यांच्या प्रमाणात अशा छतावरूनही ध्वनी विखुरला जातो. याउलट घुमटासारखा आतून अंतर्गोल पृष्ठभाग ध्वनी विखुरण्याऐवजी एकवटतो. विजापूरच्या गोल घुमटात अगदी हळू बोललेले शब्द दूरवर ऐकू येतात, ते वक्र पृष्ठभागाच्या अशाच गुणधर्मांमुळे.

विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत नभोवाणी व ध्वनिमुद्रणाच्या कक्षांत बहिर्गोल, अर्धदंडगोलाकार पृष्ठभाग वापरले जाऊ लागले. जॉन व्होल्कमन यांनी अशा विसारकांविषयीचा शोधनिबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध केला.

आधुनिक विसारकाचा जन्म मात्र छताच्या प्रश्नातूनच झाला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेट श्रोडर (१९२६–२००९) यांनी गॉटलोब व झीब्रासे या सहकाऱ्यांसह यूरोपातील संगीतसभागृहांचा तौलनिक अभ्यास करून तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रतिध्वनिरहित कक्षात मुद्रित केलेले संगीत निरनिराळ्या सभागृहांत वाजवून कृत्रिम शिराच्या कानांतून पुन्हा मुद्रित करण्यात आले व श्रोत्यांना तुलनेसाठी ऐकवण्यात आले. दोन्ही कानांत पोहोचणारा ध्वनी जितका परस्परांहून भिन्न, तितकी श्रोत्यांची पसंती अधिक, असे आढळले. जुन्या अरुंद व उंच सभागृहांत बाजूच्या भिंतींवरील परावर्तने लवकर येतात व ती दोन्ही कानांत भिन्न असतात. नव्या रुंद व बुटक्या सभागृहांत छतावरचे परावर्तन आधी येते आणि ते दोन्ही कानांना जवळजवळ सारखेच पोहोचते. तेव्हा छतावरचा ध्वनी बाजूंकडे वळवावा, असा उपाय श्रोडर यांनी सुचवला. १९७५ मध्ये त्यांनी संख्याक्रमांवर आधारित खाचांच्या पृष्ठभागाची कल्पना मांडली आणि १९७९ च्या शोधनिबंधात संगीतसभागृहांसाठी सर्वोत्तम छत कसे असावे याची चर्चा केली.

न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे १९८३ मध्ये खुल्या झालेल्या मायकेल फाउलर सेंटर या सभागृहात श्रोडर यांच्या पद्धतीचे विसारक मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आले. अमेरिकेत पीटर डी'अँटोनियो व जॉन कॉनर्ट यांनी १९८४ मध्ये या रचनेची मीमांसा व उपयोजन मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर ध्वनिमुद्रण कक्ष व घरगुती श्रवणकक्ष यांत तिचा प्रसार झाला.

कार्यतत्त्व

श्रोडर यांच्या विसारकात समान रुंदीच्या, परंतु भिन्न खोलीच्या समांतर खाचा असतात व दोन खाचांमध्ये पातळ पडदी असते. खाचेच्या तळापर्यंत जाऊन परत येण्यास ध्वनीला लागणारा वेळ प्रत्येक खाचेत वेगळा असतो. त्यामुळे सर्व खाचांतून बाहेर पडणाऱ्या तरंगांच्या कला भिन्न होतात आणि त्यांच्या एकत्रीकरणातून ध्वनी अनेक दिशांना जातो.

खाचांची खोली ठरवण्यासाठी एक मूळ संख्या निवडतात. खाचांना शून्यापासून अनुक्रमांक देऊन प्रत्येक अनुक्रमांकाच्या वर्गाला त्या मूळ संख्येने भागतात व उरलेली बाकी घेतात. ७ या मूळ संख्येसाठी हा क्रम ०, १, ४, २, २, ४, १ असा येतो. आधारभूत कंप्रतेच्या तरंगलांबीला मूळ संख्येच्या दुपटीने भागले असता खोलीचे एकक मिळते. आधारभूत कंप्रता १००० हर्ट्झ असल्यास तरंगलांबी ३४.३ सेंमी. व एकक २.४५ सेंमी. येते. म्हणजे सात खाचांची खोली अनुक्रमे ०, २.४५, ९.८, ४.९, ४.९, ९.८ व २.४५ सेंमी. असते. आधारभूत कंप्रता ५०० हर्ट्झ घेतल्यास ही सर्व मापे दुप्पट होतात आणि सर्वांत खोल खाच १९.६ सेंमी. भरते.

कार्यक्षेत्राच्या मर्यादा तीन गोष्टींनी ठरतात. पहिली, खाचांची खोली : ती जितकी अधिक, तितक्या खालच्या कंप्रतेपर्यंत विसारक पोहोचतो. दुसरी, खाचेची रुंदी : ती तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी असावी लागते, ५ सेंमी. रुंदीच्या खाचेसाठी ही वरची मर्यादा सुमारे ३४३० हर्ट्झ येते. तिसरी, संपूर्ण क्रमाची रुंदी : तोच क्रम शेजारी शेजारी अनेकदा मांडला असता त्याची एकेरी रुंदी तरंगलांबीहून लहान असेल, तर पृष्ठभाग सपाट भिंतीसारखाच वागतो. ५ सेंमी. रुंदीच्या सात खाचा मिळून ३५ सेंमी. होतात व ही तरंगलांबी सुमारे ९८० हर्ट्झची आहे. यावरून केवळ खोली वाढवून लाभ होत नाही हे दिसून येते. सात अरुंद खाचांचा क्रम १९.६ सेंमी. खोल केला, तरी रुंदी न वाढल्यास त्या वाढीव खोलीचा बराचसा भाग वाया जातो.

प्रकार

एकदिश विसारक : यात खाचा एकाच दिशेने धावतात. ध्वनी खाचांना काटकोनात असलेल्या प्रतलात विखुरला जातो. खाचांच्या लांबीच्या दिशेने तो सपाट पृष्ठभागाप्रमाणे परावर्तित होतो.

द्विदिश विसारक : यात भिन्न उंचीचे चौरस ठोकळे किंवा चौकोनी घरे असतात. ध्वनी सर्व बाजूंना विखुरला जातो, म्हणून कोणत्याही एका दिशेला त्याचा वाटा कमी येतो. १५७ या मूळ संख्येवर आधारलेली १२ × १३ म्हणजे १५६ ठोकळ्यांची रचना प्रचलित आहे. दुरून पाहिल्यास ती उंचसखल इमारतींच्या नगरासारखी दिसते.

बहिर्गोल विसारक : अर्धदंडगोलाकार किंवा फुगीर पृष्ठभाग. रचना सोपी, गुळगुळीत व स्वच्छ करण्यास सुलभ. खाचा नसल्याने शोषण कमी असते. मात्र पातळ व पोकळ बांधणी असल्यास पृष्ठभाग स्वतः कंप पावून मंद्र स्वर शोषतो.

संमिश्र विसारक : रॉकवूल किंवा ग्लासवूलसारख्या शोषकावर ठरावीक क्रमाने छिद्रे पाडलेला पत्रा अथवा फळी बसवतात. छिद्रांतून गेलेला ध्वनी शोषला जातो आणि उरलेल्या भागावरून तो विखुरला जातो. जाडी काही सेंटिमीटर इतकीच असल्याने बुटक्या छतासाठी हा प्रकार सोयीचा ठरतो.

निवडीचे निकष

उंची व अंतर : विसारकापासून निघालेल्या निरनिराळ्या तरंगांचे एकत्रीकरण होण्यास काही अंतर लागते. श्रोता विसारकाच्या कार्यक्षेत्रातील सर्वांत मोठ्या तरंगलांबीच्या किमान तिप्पट अंतरावर असावा, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. वरील उदाहरणातील खोलीत २० सेंमी. खोलीचा विसारक बसवल्यास त्याचा दर्शनी पृष्ठभाग श्रोत्याच्या कानांपासून तिरकस मोजणीने सुमारे १.९ मीटर अंतरावर येतो. ५०० हर्ट्झसाठी मात्र २.०६ मीटर अंतर हवे. १० सेंमी. खोलीचा, १००० हर्ट्झ आधारभूत कंप्रतेचा विसारक घेतल्यास केवळ १.०३ मीटर अंतर पुरते. म्हणून २.७५ मीटर उंचीच्या खोलीत खोल विसारकापेक्षा उथळ विसारक अधिक योग्य ठरतो. छत ३.५ मीटर किंवा त्याहून उंच असल्यास खोल रचनेचा विचार करता येतो.

बसवण्याची जागा : संपूर्ण छत झाकण्याची आवश्यकता नसते. स्पीकर व कान एकाच उंचीवर असल्यास परावर्तनाचा बिंदू दोहोंच्या बरोबर मध्यावर, छतावर येतो. तो शोधण्यासाठी एकाने श्रोत्याच्या जागी बसावे व दुसऱ्याने छताला टेकवलेला आरसा हळूहळू सरकवावा. आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसेल तेथे तो बिंदू असतो. दोन स्पीकरांचे दोन बिंदू व त्यांभोवतीचा पुरेसा भाग विसारकाखाली यावा. तरंगलांबीच्या तुलनेत फार लहान असलेल्या तुकड्याचा ध्वनीवर विशेष परिणाम होत नाही.

खाचांची दिशा : एकदिश विसारकाच्या खाचा स्पीकरकडून श्रोत्याकडे धावणाऱ्या असल्यास ध्वनी डावी-उजवीकडे विखुरतो व बाजूच्या भिंतींवरून श्रोत्याकडे येतो. श्रोडर यांच्या मूळ कल्पनेशी ही मांडणी सुसंगत आहे. खाचा आडव्या असल्यास ध्वनी पुढे-मागे पसरतो. तोच फलक ९० अंशांत फिरवल्याने परिणाम बदलतो. त्यामुळे बसवण्यापूर्वी दिशा निश्चित करणे महत्त्वाचे असते.

पुनरावृत्ती : एकच फलक ओळीने अनेकदा लावल्यास ध्वनी सर्वत्र समान न पसरता मोजक्या दिशांना एकवटतो. हे टाळण्यासाठी दोन भिन्न क्रमांचे फलक किंवा एकाच क्रमाचे सरळ व उलटे फलक अनियमितपणे मांडतात.

शोषण की विसरण : श्रोता छताच्या अगदी जवळ असल्यास, किंवा खोली ध्वनिमुद्रणाच्या तपासणीसाठी असल्यास परावर्तनाच्या बिंदूवर शोषक बसवणे अधिक सरळ उपाय ठरतो. परंतु शोषक सर्वत्र लावल्यास उच्च स्वर प्रमाणाबाहेर घटून खोली निर्जीव वाटते. गालिचे, जाड पडदे व गाद्यागिरद्या यांनी आधीच भरलेल्या खोलीत विसारक अधिक उपयुक्त असतो, कारण तो ऊर्जा फारशी न घटवता तीव्र परावर्तन बोथट करतो. ५५ घनमीटर आकारमानाच्या खोलीसाठी बीएस.१११६ शिफारशीतील सूत्रानुसार निनादकाल सुमारे ०.२ सेकंद येतो. त्याच्याशी तुलना करून शोषणाचे प्रमाण ठरवता येते. जमीन उघडी असल्यास छताला हात लावण्यापूर्वी गालिचा किंवा जाड सतरंजी अंथरून पाहणे इष्ट; थरथरता प्रतिध्वनी अनेकदा एवढ्यानेच बराच कमी होतो.

साहित्य, वजन व सुरक्षितता

विसारक प्लायवूड, एमडीएफ, देवदार किंवा सागवानी लाकूड, जिप्सम व थर्माकोल यांपासून बनवतात. पृष्ठभाग कठीण व सांधे बंद असावे लागतात. सांध्यांत फटी राहिल्यास, लाकूड रंग वा पॉलिशविना सच्छिद्र ठेवल्यास किंवा खाचांवर कापड ताणल्यास विसारक नकळत शोषकाचे काम करू लागतो.

छतावरील विसारक श्रोत्याच्या डोक्यावर असतो, म्हणून वजनाचा विचार ध्वनीच्या विचाराइतकाच आवश्यक आहे. १८ मिमी. जाडीच्या एमडीएफ फळीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १३ ते १४ किलोग्रॅम असते. पडद्या व ठोकळे धरून फलकाचे वजन याच्या दुपटीहूनही अधिक होऊ शकते. असे फलक काँक्रीटच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून, शक्यतो एखादा आधार निसटला तरी उरलेल्यांवर वजन पेलले जाईल अशा रीतीने टांगावेत. जिप्समच्या खोट्या छताचे पत्र्याचे सांगाडे या भारासाठी बनवलेले नसतात. केवळ गोंदाने चिकटवणे धोक्याचे असते. थर्माकोल हलका व स्वस्त असला, तरी तो ज्वलनशील आहे. जळताना वितळून ठिबकतो व दाट काळा धूर सोडतो. शिवाय हलकेपणामुळे खालच्या कंप्रतांना तो पुरेसा अडवत नाही.

कोकण व गोव्यासारख्या दमट हवेच्या प्रदेशांत पावसाळ्यात एमडीएफ फुगतो. तेथे जलरोधक प्लायवूड वापरणे व कडा सर्व बाजूंनी रंगवणे श्रेयस्कर असते. भारतीय घरांत छताच्या मध्यभागी पंखा असतो. पात्यांच्या वर खोल फलक आल्यास पंख्याला वरून हवा मिळत नाही व वारा कमी लागतो. म्हणून विसारकाचे क्षेत्र पंख्यापासून मोकळे ठेवावे लागते.

मोजमाप

विसारकांच्या तुलनेसाठी दोन आंतरराष्ट्रीय मानके आहेत. आयएसओ १७४९७-१ (२००४) हे मानक आरशासारख्या दिशेखेरीज अन्यत्र किती ऊर्जा गेली हे सांगणारा प्रकीर्णन गुणांक मोजते. आयएसओ १७४९७-२ (२०१२) हे मानक ती ऊर्जा सर्व दिशांना किती समान वाटली गेली हे सांगणारा विसरण गुणांक मोजते. दोन्ही गुणांक एकच नव्हेत. सपाट फलक तिरपा लावला तरी ध्वनी अन्य दिशेला वळतो, पण पसरत नाही. निर्मात्याच्या माहितीपत्रकात कोणता गुणांक दिला आहे व तो कोणत्या कंप्रतांसाठी आहे हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

घरगुती पातळीवर मोजमापाचा मायक्रोफोन व संगणकीय आज्ञावली यांच्या साहाय्याने फलक बसवण्यापूर्वी व नंतर खोलीचा आवेग प्रतिसाद नोंदवतात. छतावरच्या परावर्तनाचा ठळक शिखरबिंदू कमी होऊन त्याजागी लहान लहान शिखरे विखुरलेली दिसल्यास विसारक काम करीत असल्याचे समजते.

मर्यादा व मतभेद

विसारक मंद्र स्वरांच्या समस्या सोडवत नाही. २.७५ मीटर उंचीच्या खोलीत जमीन व छत यांच्यातील पहिले अनुस्पंदन सुमारे ६२ हर्ट्झवर येते. तेथे तरंगलांबी ५.५ मीटर असल्याने १०–२० सेंमी. खोलीच्या फलकाचा प्रभाव नगण्य असतो. त्यासाठी स्पीकर व श्रोता यांच्या जागा बदलणे आणि कोपऱ्यांत जाड शोषक ठेवणे हे उपाय करावे लागतात.

लहान खोलीतील सर्व प्रारंभिक परावर्तने दूर करावीत का, याबाबत तज्ज्ञांत मतैक्य नाही. कॅनेडियन ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांच्या मते बाजूच्या भिंतींवरील परावर्तने संगीताला विस्ताराचा भास देतात व अनेक श्रोत्यांना ती आवडतात. ध्वनिमुद्रण कक्षांच्या रचनेत मात्र ती घटवण्याकडे कल आढळतो. छतावरील परावर्तन दोन्ही कानांना जवळपास सारखेच पोहोचत असल्याने त्यापासून अशा विस्ताराचा लाभ कमी मिळतो. त्यामुळे बाजूच्या भिंती जशाच्या तशा ठेवून केवळ छतावर उपाय करण्याचा मार्गही स्वीकारला जातो. दहा-पंधरा मीटर उंचीच्या सभागृहात जे छत श्रोत्यापासून पुरेसे दूर असते, तेच घरात हाताच्या अंतरावर येते. म्हणून नक्षी किंवा नाव यांपेक्षा उंची, अंतर, खोली व वजन ही चार मापे निवडीत अग्रक्रमाने विचारात घेतली जातात.